समूहगान आणि समाजाची ओळख : लॅटव्हियाची गाणी व आपले जलसे

(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारले, "लॅटव्हिया कुठं आणि विटा कुठं? या दोहोंचा मेळ कसा घालणार?" प्रश्न रास्त आहे. मी बँकेत कारकुनी करणारा माणूस. संगीताचे शास्त्र मी शिकलेलो नाही. कला शाखेत असताना इतिहासाची गोडी लागली, ती नोकरीतही सुटली नाही, एवढेच माझे भांडवल. परंतु दूरच्या देशाकडे बघून आपले घर ओळखण्याची रीत आपल्याला महात्मा फुले यांनीच घालून दिली आहे. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नाही, त्यांच्या लढ्यात त्यांना आपला लढा दिसला. त्याच रीतीने आज थोडे दूर जाऊन परत येऊ.

'गुलामगिरी' निघाले ते साल १८७३. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी जून महिन्यात, युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठी असलेल्या रिगा या शहरात लॅटव्हियन लोकांचा पहिला गीतोत्सव भरला. या घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. एकाला दुसऱ्याची खबरही नसणार. तरी दोन्हीकडचा प्रश्न एकच होता. ज्यांना पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी दिलेल्या नावाने हाक मारली, त्यांनी आपली ओळख आपल्या तोंडाने कशी सांगायची?

लॅटव्हियन माणूस त्या काळी कोण होता ते आधी पाहू. देशावर राज्य रशियाच्या झारचे, जमिनी मात्र जर्मन जमीनदारांच्या. लॅटव्हियन शेतकरी हा या जमीनदारांचा वेठकरी. तेथील मुख्य भागांत १८१७ आणि १८१९ साली वेठबिगारी कायद्याने रद्द झाली. माणूस मोकळा झाला, पण जमीन मालकाकडेच राहिली. शिकलेला माणूस म्हणजे जर्मन बोलणारा, आणि लॅटव्हियन म्हणजे कुळवाड्यांची बोली, अशी समजूत होती. गाव सोडून शिकायला गेलेला मुलगा आपली भाषा लपवत असे. हे चित्र आपल्याला नवखे वाटण्याचे कारण नाही.

अशा लोकांचे ४५ गायकवृंद आणि सुमारे एक हजार गायक १८७३ साली रिगा येथे जमले आणि आपल्या भाषेत एका सुरात गायले. कार्लिस बाऊमानिस नावाच्या शिक्षकाने रचलेल्या एका प्रार्थनागीतात 'लॅटव्हिया' हा शब्द देशाचे नाव म्हणून आला होता. तोवर त्या नावाचा देश नकाशावर नव्हता. राज्यकर्त्यांना त्या एका शब्दाची धास्ती वाटली. तो काढून त्या जागी 'बाल्टिक' असा शब्द घालायला लावला गेला. पुढे १८ नोव्हेंबर १९१८ रोजी लॅटव्हिया स्वतंत्र झाला आणि १९२० साली हेच गीत राष्ट्रगीत झाले. देश आधी गाण्यात झाला आणि नकाशावर नंतर आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. चार-पाच ओळींत उभे राहून, स्त्री-पुरुषांचे उंच-खालचे आवाज वेगवेगळे बांधून, एकच गाणे गाण्याचा हा प्रकार मूळचा लॅटव्हियन नव्हे. तो आला जर्मनांच्या चर्चमधून आणि जर्मनांच्या गायन मंडळांतून. म्हणजे ज्यांनी दाबले त्यांचाच साचा यांनी उचलला. पण त्यात ओतले ते आपल्या घरचे. जात्यावर, शेतावर, लग्नात, पाळण्यापाशी त्यांच्या बाया जी चार-चार ओळींची गाणी गात, ज्यांना ते 'दाइना' म्हणतात, ती या साच्यात आली.

आपल्याकडे नेमके हेच झाले. आपला साचा तमाशाचा. ढोलकी, तुणतुणे, कडे, डफ. पुढे गाणारा शाहीर, मागे झील ओढणारे साथीदार. ही कला प्रामुख्याने महार-मांग समाजातील कलावंतांनी जगवली. टाळ्या घेतल्या गावाने, आणि खेळ संपला की कलावंत पुन्हा वेशीबाहेर. आपल्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव हे या कलेचे मोठे नाव. त्यांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही, ही आठवण जुनी माणसे सांगतात. आपल्या भगिनींना नाचवून मिळालेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. मग या कलेचे करायचे काय? टाकून द्यायची?

विट्यात याचे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. आपल्या खानापूर तालुक्यातील गलाईवाले बांधव देशभर सोने गाळण्याचा धंदा करतात. हिणकस आहे म्हणून दागिना कोणी फेकून देत नाही, मुशीत घालतो. सत्यशोधकांनी तमाशा असा मुशीत घातला. गणातला गणपती गेला आणि त्या जागी निर्मिकाचे स्तवन आले. गवळण गेली. वगात राजा-राणीऐवजी सावकार, भटजी, कुळकर्णी आणि फसवला जाणारा शेतकरी आला. १९२० च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील गावोगाव हे सत्यशोधक जलसे फिरले, आणि त्या वेळी आपला खानापूर तालुका सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. तेव्हा ही परंपरा आपल्याच मातीतली आहे, कोठून मागून आणलेली नाही.

त्यानंतर आले आंबेडकरी जलसे. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच नाशिक जिल्ह्यातील तरुणांना घेऊन भीमराव कर्डक यांनी जलसा उभा केला. आपण त्या काळाचा विचार करा. 'बहिष्कृत भारत' १९२७ सालीच निघाले होते, पण वस्तीत ते वाचू शकणारा एखाद-दुसरा. बाबासाहेबांची सभा मुंबईला किंवा येवल्याला. शे-दोनशे मैलांवरच्या गावात त्यांचा विचार पोचवायचा कोणी? तो पोचवला जलशाने. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, गावकीची वेठ सोडा, पोरांना शाळेत घाला, पोरींनाही घाला, हे सगळे त्या वगात हसत-खेळत सांगितले जाई. कालपर्यंत गावकीच्या सक्तीने वाजवावा लागणारा डफ आता आपल्या मर्जीने आणि आपल्या कामासाठी वाजू लागला. कर्डकांच्या एका जलशाला बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या बरोबरीचे मानले, ही गोष्ट आपल्यात सर्वतोमुखी आहे. कर्डकांनी पुढे १९७८ साली या जलशांवर पुस्तक लिहिले. विद्यार्थ्यांनी ते मिळवून अवश्य वाचावे.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत कष्ट करताना मोठ्या वयात अक्षरओळख झाली. १९४३ साली पहिले गीत लिहिले आणि पुढची साठ वर्षे तो झरा आटला नाही. हजारो गीते झाली. ती गायली गेली गल्लीत, वस्तीच्या चौकात, कंदिलाच्या आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात.

आपल्याच वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांची गोष्ट याहून निराळी नाही. शाळेत दीड दिवस गेलेला हा माणूस. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. तिघे तीन निरनिराळ्या घरचे, जातिधर्म वेगवेगळे, पण सूर एक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव गेली. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाचे ते गाणे बेळगाव-कारवारच्या विरहापर्यंत जाते, आणि ऐकणाऱ्याला राज्य म्हणजे काय ते काळजात कळते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यात हुतात्म्यांचा वाटा पहिला, पण शाहिरांचा वाटाही लहान नाही.

येथे इतिहासातील एक विसंगती सांगतो, कारण ती शिकवण देणारी आहे. ज्या लाल बावट्याखाली आपले शाहीर मोकळ्या गळ्याने गायले, त्याच बावट्याच्या राजवटीत लॅटव्हियन माणसाचा गळा दाबला गेला. १९४० साली सोव्हिएत संघाने तो देश गिळला. बाऊमानिसच्या गीतावर बंदी आली. गीतोत्सव चालू राहिले, पण त्यात राजवटीची स्तुती गावी लागे. याझेप्स वितोल्स या संगीतकाराचे 'प्रकाशाचा किल्ला' या अर्थाचे एक जुने गीत तेथे आहे. पाण्यात बुडालेला किल्ला, आणि त्याचे विसरलेले नाव कोणी उच्चारले की तो पुन्हा वर येतो, अशी त्यातील कल्पना. १९८५ च्या उत्सवात हे गीत कार्यक्रमातून वगळले होते. गायकांनी ते गाण्याचा आग्रह धरला. हरल्ड्स मेदनिस या वयोवृद्ध दिग्दर्शकांना लोकांनी पुढे बोलावले आणि ते गीत झाले. पुढे २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांतील सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात घालून सहाशे किलोमीटरची साखळी केली. जानेवारी १९९१ मध्ये रिगातील रस्त्यांवर अडथळे रचून, शेकोट्या पेटवून, लोक रात्र-रात्र गात बसले. ऑगस्ट १९९१ मध्ये लॅटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला. या लढ्याला जग 'गाणारी क्रांती' म्हणते. तात्पर्य असे की सत्ता कोणत्याही रंगाची असो, लोक एकत्र येऊन आपले गाणे गाऊ लागले की तिला घाम फुटतो.

बरे, ही गाणी टिकली कशी? हा आपल्या कामाचा भाग आहे. क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या एका विद्वानाने आयुष्यातील चाळीसएक वर्षे दाइना गोळा करण्यात घालवली. खेड्यापाड्यांतून लोक गाणी लिहून पाठवीत. बारोन्स प्रत्येक गाणे कागदाच्या लहानशा चिठ्ठीवर उतरवत आणि मुद्दाम करून घेतलेल्या कपाटातील सत्तरएक कप्प्यांत विषयवार लावून ठेवत. १८९४ ते १९१५ या काळात ती छापून निघाली. एकूण गाणी २,१७,९९६. मी बँकेतला माणूस, हा आकडा पाहून मला आमचे जुने लेजर आठवले. आम्ही लोकांचा पैसा पै-पैशाने लिहून ठेवतो. या माणसाने लोकांचे गाणे गाण्या-गाण्याने लिहून ठेवले. २००१ साली युनेस्कोने त्या कपाटाची जगाच्या स्मृतिठेव्यात नोंद केली.

आपल्याकडे असे काम झालेच नाही असे नव्हे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून आणि आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यात राम-सीता आहे, माहेर आहे, सासुरवास आहे आणि भीमरायही आहे. मराठवाड्यातील आपल्या मायबहिणींनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यात आहेत. या बायांना कोणी कवी म्हटले नाही. पहाटे जाते ओढता ओढता त्यांनी आपल्या काळाची नोंद केली. आता जाते गेले, गिरणी आली. कष्ट वाचले ते चांगलेच झाले, पण जात्याबरोबर ओवीही उठून गेली.

आमच्या काउंटरवर निराधार योजनेचे पैसे न्यायला वृद्ध बाया येतात. बऱ्याच जणी सही करत नाहीत, अंगठा उठवतात. फॉर्मवर आम्ही 'निरक्षर' असे लिहितो. एकदा रांग कमी होती तेव्हा अशाच एका आजींशी बोलणे निघाले. म्हणाल्या, "साहेब, मला लिव्हता येत न्हाई, पर भीमाची चाळीस गाणी पाठ हायती." मी विचारले, सुनेला, नातीला येतात का? म्हणाल्या, "त्यांला कुठला येळ? त्या मोबाईलवर ऐकत्यात." मित्रहो, माझ्या या सबंध भाषणाचा गाभा त्या एका वाक्यात आहे. आपण गाणारे होतो, आता ऐकणारे झालो आहोत.

१४ एप्रिलची मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. पूर्वी गायनपार्टी पुढे असे आणि अख्खी वस्ती मागून झील धरी. लहान पोराला कोणी काही शिकवावे लागत नसे, चालता चालता त्याला बाबासाहेबांचे चरित्र पाठ होई. आज ट्रॅक्टरवर डीजेच्या भिंती येतात. आवाज एवढा की शेजारी काय म्हणतो ते कळत नाही, मग त्याच्या सुरात सूर कसा मिळवणार? आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. आपल्या गीतांत शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असते. वामनदादांच्या गीतात 'वामन' येतो. डीजेवर मुखडा आणि एखादे कडवे वाजते, मग दुसरे गाणे सुरू होते. शेवटचे कडवे कोणी ऐकतच नाही. ज्यांनी उपाशीपोटी गीते लिहिली, त्यांची नावे आपण स्वतःच्या हातांनी पुसत आहोत. ज्या समाजाने नावासाठी एवढा लढा दिला, त्याने आपल्या कवींची नावे विसरावीत, हे बरे नव्हे.

तरुण मंडळी म्हणतील, गाण्याने नोकरी मिळत नाही. खरे आहे. शिक्षणाला पर्याय नाही, आणि जलसेही तेच सांगत होते. पण शिकून बाहेर पडलेला मुलगा पुण्या-मुंबईत आपली वस्ती आणि आपले आडनाव सांगताना चाचरतो, तेव्हा पदवी त्याच्या कामी येत नाही. तेव्हा लागते ते बळ चारचौघांत उभे राहून, मोठ्याने, आपले गाणे म्हणण्याच्या सवयीतून येते. विहारात आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो तेव्हा मध्ये कोणी पुरोहित नसतो. लहान-थोर, स्त्री-पुरुष एका आवाजात म्हणतात. समतेचा पहिला धडा तोच आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. ओळख म्हणजे कुंपण नव्हे. लॅटव्हियातही रशियन बोलणारे लोक मोठ्या संख्येने राहतात, आणि 'आपले' कोणाला म्हणायचे हा वाद तेथे मिटलेला नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, याचा विचार करा. बंधुत्वाशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत. लॅटव्हियन माणसाला वेगळा देश हवा होता. आपल्याला याच देशात माणूस म्हणून बरोबरीची जागा हवी आहे. म्हणून आपले गाणे आपल्याच गल्लीत कोंडून चालणार नाही. सत्यशोधक जलसा, अण्णाभाऊंचा पोवाडा, अमर शेखांची ललकारी, वामनदादांचे गीत हा सगळा एकच वारसा आहे. तो साऱ्या गावाला ऐकवला पाहिजे आणि गावाला आपल्यात गायला बोलावले पाहिजे.

आता नुसते बोलून उपयोग नाही. संस्थेपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, गीतांची वही. वस्तीतील ज्येष्ठांकडे, विशेषतः आजींकडे, विद्यार्थ्यांनी जावे. एका गाण्याला एक पान. गाणे पूर्ण, शेवटच्या कडव्यासह. कवी कोण, कोणाकडून शिकले, कोणत्या गावी ऐकले, चाल कशावर, हे सगळे लिहावे. मोबाईलवर आवाज जरूर घ्यावा, पण वहीत उतरवल्याशिवाय काम पुरे मानू नये. दुसरी, दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास सामुदायिक गायन. ध्वनिक्षेपक नको. गळा चांगला असण्याची अट नको. तिसरी, जयंतीच्या मिरवणुकीत एक तास डीजे बंद आणि सगळ्यांनी चालत गायचे. डीजेवर जो खर्च होतो त्याच्या थोड्या भागात एक पेटी, एक ढोलकी, दोन टाळ सहज येतात. हिशोब मी करून देईन.

लॅटव्हियाची लोकसंख्या आज एकोणीस लाखांच्या आसपास आहे. आपला एकटा सांगली जिल्हा २०११ च्या जनगणनेत अठ्ठावीस लाखांवर होता. त्या चिमुकल्या देशाने २०२३ साली गीतोत्सवाची दीडशे वर्षे साजरी केली आणि सुमारे चाळीस हजार गायक-नर्तक-वादक त्यात सामील झाले. ते सगळे काही कसलेले गवई नव्हते. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, शाळकरी मुले, आणि माझ्यासारखे कारकूनही असतील. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी ते आपापल्या गावी तालमीला बसतात. त्यांच्या यशाचे गुपित एवढेच आहे, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. येत्या रविवारी वंदना झाल्यावर थांबूया. एक गाणे, पूर्ण, शेवटच्या कडव्यापर्यंत, सगळ्यांनी मिळून म्हणूया.

 नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!